बोरची वाटी आणि तिच्यात न मावलेलं केंद्रक

घरी असाल तर स्वयंपाकघरातून एक उथळ कढई घ्या आणि तिच्या काठावरून एक गोटी आत सोडा. गोटी उतारावरून खाली जाते, तळ ओलांडते आणि समोरच्या काठापर्यंत चढते. थोडा जोर दिला तर बाहेरच पडते. आता कढईत दहा-बारा गोट्या ठेवा आणि तीच गोटी तेवढ्याच जोराने आत ढकला. या वेळी काहीच बाहेर येत नाही. सगळ्या गोट्या थोड्याथोड्या हलतात, आणि आत आलेली गोटी नेमकी कोणती हेसुद्धा सांगता येत नाही.

1936 साली नील्स बोरने अणुकेंद्रक समजावण्यासाठी हाच खेळ वापरला. त्याच्या उपमेत कढईच्या जागी उथळ वाटी होती आणि गोट्यांच्या जागी बिलियर्डचे चेंडू. कोपनहेगनच्या त्याच्या संस्थेत त्याची लाकडी प्रतिकृतीही तयार झाली. 27 जानेवारी 1936 ला त्याने डॅनिश अकादमीत हा विचार मांडला. 29 फेब्रुवारीच्या 'नेचर'मध्ये लेख आला, आणि त्याच अंकात वाटीची चित्रंही छापली गेली.

एवढ्या मोठ्या माणसाला हा खेळ का लागला, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. 1934 च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये फर्मीच्या गटाला दिसलं की मंद केलेले न्यूट्रॉन केंद्रकात फार सहज शोषले जातात. तेव्हाच्या सिद्धांतात केंद्रक म्हणजे रिकामी वाटी होती: एक सरासरी बल, आणि त्यातून आरपार जाणारा एकटा न्यूट्रॉन. या चित्रानुसार बरेचसे न्यूट्रॉन नुसतेच विखुरले जायला हवे होते. प्रयोगात मात्र काही मूलद्रव्यं ठरावीक ऊर्जेचेच न्यूट्रॉन गिळताना दिसली, आणि तेही अतिशय अरुंद ऊर्जापट्ट्यांमध्ये. पट्टी अरुंद असेल तर ती अवस्था जास्त काळ टिकते, हे पुंजयांत्रिकी सांगते. गणित केलं तर न्यूट्रॉन केंद्रकात जितका वेळ राहतो, तो नुसतं केंद्रक ओलांडायला लागणाऱ्या वेळेच्या दहा लाख पटींच्या घरात जातो. मग इतका वेळ तो आत करतो काय?

बोरचं उत्तर असं की तो वाटून जातो. चांदीच्या केंद्रकात शंभराहून जास्त कण आहेत. बाहेरून आलेल्या न्यूट्रॉनमुळे साधारण 8 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते, आणि ती टकरांमधून सगळ्यांत विखुरते. कोणत्याही एका कणाकडे बाहेर पडण्याइतकी ऊर्जा पुन्हा जमा व्हायची तर योगायोगच लागतो. तोपर्यंत बहुतेक वेळा गॅमा किरण बाहेर पडतो आणि न्यूट्रॉन कायमचा आतच राहतो. यालाच पुढे 'संयुक्त केंद्रक' म्हणू लागले.

इथे एक आडवळण घेतो, कारण इतिहासात काम करायचं असेल तर हे उपयोगी पडेल. बोरला ही कल्पना सुचली तो क्षण ओटो फ्रिश आणि जॉन व्हीलर दोघांनीही पुढे आठवणींत सांगितला आहे: सेमिनार चालू आहे, बोर मध्येच बोलणाऱ्याला थांबवतो, आणि एकाएकी त्याला उलगडा होतो. प्रसंग छानच आहे, पण दोघांचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. दोघंही कित्येक वर्षांनी आठवत होते. अशा वेळी एकाला खोटं ठरवायची घाई करू नका. छापील लेख आणि तारखा हातात धरा. आठवणींकडे 'लोकांना हा प्रसंग कसा लक्षात ठेवावासा वाटला' याचा पुरावा म्हणून बघा.

आता वाटीकडे परत. लाकडी वाटीत घर्षण असतं, त्यामुळे चेंडू शेवटी थांबतात. बोरला अभिप्रेत होते पूर्ण गुळगुळीत चेंडू, ज्यांच्यात ऊर्जा आतच फिरत राहते आणि कधीतरी काठाजवळच्या एखाद्याला बाहेर फेकते. म्हणजे प्रात्यक्षिकातला सर्वांत महत्त्वाचा भाग प्रत्यक्षात दाखवताच येत नव्हता, तो तोंडाने सांगावा लागत होता! पण डोळ्यांना जे दिसलं तेच मनात ठसलं: केंद्रक म्हणजे एकमेकांवर सतत आपटणाऱ्या कणांची दाटी.

आणि ते जरा जास्तच ठसलं. केंद्रकात अणूसारखी कवचं असावीत अशी कल्पना एल्सासरने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. पण एवढ्या टकरा होत असतील तर कणाला स्वतःची कक्षा कशी राहणार? त्यामुळे ती कल्पना मागे पडली. 1949 मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांनी ती स्वतंत्रपणे परत आणली, आणि 1963 चं नोबेल त्यांना विग्नरबरोबर विभागून मिळालं. टकरांचं कोडं सुटलं ते पाउलीच्या तत्त्वाने. शांत केंद्रकात जवळच्या जागा आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे टक्कर होऊन कण जाणार कुठे? बहुतेक टकरा होतच नाहीत. गोट्यांना हे तत्त्व माहीत नसतं.

तरी वाटी टाकून द्यावी असं मला वाटत नाही. न्यूट्रॉन शिरल्यावर तापलेल्या केंद्रकासाठी बोरचं चित्र आजही चालतं. शांत केंद्रकासाठी कवचांचं. 1954 मध्ये फेशबाख, पोर्टर आणि वाइसकॉफ यांनी मधली वाट काढली. त्यांचं केंद्रक धूसर काचेच्या गोळ्यासारखं आहे: न्यूट्रॉन त्यातून काही प्रमाणात आरपार जातो, काही प्रमाणात शोषला जातो. म्हणजे बोरने बाजूला ठेवलेली रिकामी वाटी अर्धीमुर्धी परत आली. वर्गात ही कथा सांगताना मी कढई दोनदा वापरतो. आधी गोट्या भरून, आणि मग सगळ्या काढून.