शालेय विज्ञान आणि परिभाषेचा प्रश्न

माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या इतिहासात अभ्यासक्रमाइतकेच भाषेलाही महत्त्व आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक मानले. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. अंधेरी, घाटकोपर येथील श्रमिकवस्त्यांतील ज्या मुलांच्या घरी ग्रांथिक मराठीचा वावर नव्हता, त्यांनाही आता विज्ञान अनिवार्य झाले.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली स्थापिलेल्या व पुढे मानखुर्द येथे स्थिरावलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महानगरपालिकेच्या शाळांत काम करताना ही अडचण हेरली. व्ही. जी. कुलकर्णी व व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ च्या निबंधात भाषेच्या अडसराचा संबंध सार्वत्रिक शिक्षणाशी जोडून दाखविला.

पाण्यात साखर विरघळेनाशी होते, हा अनुभव मुलाच्या घरचा असतो. ‘संपृक्त द्रावण’ ही संज्ञा मात्र त्यास शाळेतच भेटते. संज्ञा अनुभवाआधी आली की पाठांतर तेवढे उरते. अकरावीस विज्ञानशाखा घेतल्यावर तीच संज्ञा इंग्रजीत पुन्हा शिकावी लागते. अभ्यासक्रम सर्वांस खुला झाला, तरी त्याची भाषा सर्वांची होणे अद्याप बाकीच आहे.