मुस्तफाचे मिनिटाला बावीस गचके

‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे नाव मी कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा वाचलं. तोपर्यंत तो गेम माझ्यासाठी ‘मुस्तफा’च होता. बोईसर स्टेशनजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक रुपया टाकायचा आणि धावत येऊन किक मारणाऱ्या टोपीवाल्या मुस्तफाला निवडायचं. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९३ च्या या गेममध्ये आणखी तीन पात्रं आहेत, पण भारतभरच्या पोरांनी आख्ख्या गेमला नाव दिलं ते याचंच.

तेव्हा आमचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आणि तेव्हा लोडशेडिंग होतं. तारापूरचं अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि इकडे मुस्तफा शेवटच्या व्हिलनसमोर उभा असताना मशीन काळं. रुपया परत मिळायचा नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून हाच गेम पप्पांना दाखवला. पप्पा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर झालेत. जनरेटर रूममध्ये आयुष्य गेल्यामुळे ऐकू जरा कमी येतं. ते खेळले नाहीत, नुसते बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, “मधेमधे गचका बसतोय बघ.”

“लॅपटॉप जुना आहे, पप्पा.”

“जुन्यामुळे असता तर कसाही बसला असता. हा ठरावीक अंतरानं बसतोय.”

मी मुस्तफाला उजवीकडे चालवत राहिलो आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. मिनिटाला बावीस.

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो मी, आणि बग पकडला त्यांनी. त्या बावीसचा हिशोब मांडायला बसलो, तर गोष्ट थेट विजेच्या इतिहासात जाऊन पोचली.

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावते. अमेरिकेत ६० वेळा. यामागे निसर्गाचा नियम नाही. सुरुवातीच्या कंपन्यांनी आपापल्या मशीनला सोयीचे आकडे धरले, अमेरिकेत वेस्टिंगहाऊसनं ६०, जर्मनीत एईजीनं ५०, आणि ज्यानं ज्याची मशीन घेतली त्याच्याकडे तो आकडा गेला. जपाननं दोन्हीकडून घेतली. म्हणून आजही तोक्योच्या बाजूला ५० आहे आणि ओसाकाच्या बाजूला ६०.

टीव्ही आला तेव्हा इंजिनिअरांनी पडद्याचा वेग विजेच्या वेगालाच बांधला. वीजपुरवठ्याची गुणगुण चित्रात आडव्या पट्ट्यासारखी उमटायची. दोन्ही वेग सारखे असले की तो पट्टा एका जागी उभा राहतो. वेगळे असले की वर-खाली सरकत राहतो आणि डोळ्याला खुपतो. म्हणून अमेरिकेचा टीव्ही ६० चा आणि युरोपचा ५० चा. आपण ६२५ रेषांची, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारी पद्धत घेतली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही त्याच तालावर. पुढे जपानी गेमच्या स्वस्त नकला घरोघरी आल्या. त्यातल्या ज्या नकला ५० च्या टीव्हीसाठी बनवल्या होत्या, त्यांवर ६० साठी लिहिलेला मारिओ मूळ वेगाच्या पाच षष्ठांशानंच पळायचा. आपल्यातल्या कित्येकांनी लहानपणी पाहिला तो मारिओ हा असा दमलेला होता.

दुकानातल्या मशीनचं मात्र निराळं होतं. तिला दूरदर्शन दाखवायचं नव्हतं. आतला मॉनिटर एकाच सर्किट बोर्डाशी बांधलेला, आणि बोर्डाकडून येईल तो ताल थोड्याफार फरकानं पकडणारा. त्यामुळे प्रत्येक कंपनीनं आपल्या सोयीचं गणित मांडलं. मुस्तफाचा बोर्ड सेकंदाला ८० लाख ठोके मोजतो. एका रेषेला ५१२ ठोके, आणि न दिसणाऱ्या रेषा धरून एका चित्राला २६२ रेषा. भागाकार करा: सेकंदाला ५९.६३७ चित्रं. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ ५९.१८६ वर चालतो, ‘पॅकमॅन’ ६०.६०६ वर, ‘आर-टाइप’ ५५.०१८ वर आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ५४.७०७ वर.

फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं ‘मेम’ हा एम्युलेटर पहिल्यांदा प्रसिद्ध केला, आणि या मशीन कॉम्प्युटरवर जिवंत राहू लागल्या. पुढे पडदे बदलले. काचेच्या जाड नळीच्या जागी सपाट एलसीडी आले आणि बहुतेकांचा वेग ठरून गेला: ६०. आता गेम सेकंदाला ५९.६३७ चित्रं देतो आणि पडदा ६० मागतो. फरक ०.३६३ चा. म्हणजे दर पावणेतीन सेकंदांनी पडद्याला नवं चित्र मिळत नाही आणि तो जुनंच पुन्हा दाखवतो. चालणारा मुस्तफा क्षणभर थिजतो. मिनिटाचा हिशोब केला: २१.७६.

मी पप्पांना कागद दाखवला. ते म्हणाले, “हा तर सिंक्रोस्कोप आहे.”

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, अर्थ कधी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पॅनल काढून दाखवलं. एक जनरेटर चालू असताना दुसरा त्याला जोडायचा, तर दोघांचा व्होल्टेज सारखा हवा, वेग सारखा हवा आणि हेलकावाही एकाच वेळी वर-खाली व्हायला हवा. पॅनलवर घड्याळासारखी तबकडी असते, तिच्यात एक सुई. दोन मशीनच्या वेगात जितका फरक, तितक्या वेगानं सुई फिरते. नव्या मशीनचा वेग हळूहळू जुळवत न्यायचा, सुई मंद होऊ द्यायची आणि ती बाराच्या काट्यावर येता येता ब्रेकर मारायचा. चुकलं तर शाफ्टला असा झटका बसतो की अख्खी खोली हादरते. मुस्तफा आणि लॅपटॉप यांच्यामध्ये अशी सुई लावली असती, तर ती बरोबर पावणेतीन सेकंदांत एक फेरी मारत राहिली असती. पप्पांनी गेम पाहिलाच नव्हता. तीस वर्षांच्या सवयीनं ते सुई पाहत होते.

तारापूरचं केंद्रही असंच ग्रिडला जोडलं जातं. पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीनं बांधल्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. कंपनी ६० च्या देशातली, पण इथे तिच्या मशीनना ५० ला जुळवूनच यावं लागलं. आणि हे ५० सुद्धा कुठे पक्कं होतं? मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सगळे जनरेटर एकदम मंदावतात आणि आकडा घसरतो. नव्वदच्या दशकात तो ४९ च्या खाली जाणं नेहमीचं होतं. फार घसरला तर मशीन स्वतःला वाचवायला सुटतात आणि सगळाच अंधार होतो. म्हणून मागणी तोडायची, त्याचं नाव लोडशेडिंग. माझा रुपया त्या ५० च्या तालापायी जायचा, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

जुलै २००२ पासून पश्चिम ग्रिडमध्ये विजेचा दर या आकड्याशी बांधला गेला: ताल खाली असताना जादा वीज ओढाल तर जादा पैसे मोजा. ऑगस्ट २००६ पर्यंत आपलं ग्रिड उत्तर, पूर्व आणि ईशान्येच्या ग्रिडला जोडलं गेलं. दक्षिण तेवढी वेगळ्या तालावर राहिली. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइननं तीही जुळली. तेव्हापासून तारापूरचा जनरेटर आणि तमिळनाडूतला जनरेटर एकाच ठेक्यावर फिरतात.

गेमपुरते दोन उपाय आहेत. एक, गेमच ६० वर पळवायचा. मुस्तफा ०.६ टक्के जलद होतो, कुणाला कळत नाही. पण ‘मॉर्टल कॉम्बॅट’ जवळजवळ दहा टक्के जलद होतो, आवाजासकट. दोन, पडद्यालाच गेमच्या मागे चालायला लावायचं. २०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, पाठोपाठ एएमडीचं फ्रीसिंक आलं. असे मॉनिटर पुढचं चित्र तयार होईपर्यंत थांबतात. तुमचा १२० हर्ट्झचा फोन आपोआप हे करेल असं समजू नका. वेग १२० वरच अडकलेला असेल तर गचका अर्धा होतो आणि मिनिटाला दुप्पट वेळा बसतो.

पुढच्या फेरीत मी ४८ ते १४४ मध्ये कुठेही चालणारा मॉनिटर घेऊन बोईसरला गेलो. पप्पांनी घड्याळ लावलं आणि पूर्ण मिनिटभर पडद्याकडे पाहत राहिले.

“थांबली सुई,” ते म्हणाले. “काय केलंस? गेम चढवलास की स्क्रीन उतरवलीस?”

“स्क्रीन उतरवली.”

“आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या मशीनलाच जुळवून घ्यावं लागायचं. चालू लाइन कुणासाठी थांबत नाही.” मग खुर्ची पुढे ओढत त्यांनी विचारलं, “किक कुठल्या बटणाला आहे?”