रोजगाराची हमी आणि पगारदाराचा कर



नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला जेथे चंद्रपूरचा फाटा फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातील जाम हे माझे गाव. भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा व कपाशीचा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की गावात रिकामा हात दिसावयाचा नाही. परंतु पऱ्हाट्या उपटून झाल्या म्हणजे मृगाच्या पावसापर्यंत भूमिहीन मनुष्याला काम कसे ते नसे. वर्षातील या सक्तीच्या बेकारीवर आपल्या राज्याने जो उपाय योजिला, त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ या नावाची एक लहानशी कपात दिसली. ती कशाची, असे मी मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया दिसतात ना? त्यांच्या मजुरीची.” मला ही थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे पुढे वाचनाने कळले.

संकटकाळी सरकारने लोकांस काम द्यावे, हा विचार जुनाच आहे. वाद होता तो मजुरी किती द्यावी याचा. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी दररोज १ पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता व १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी तो प्रांत पोळून निघाला. तथापि संहितेतील काम ही सरकारची दया होती, मजुराचा हक्क नव्हे. दुष्काळ जाहीर झाला तर काम निघे. आमच्याकडचा दर वर्षीचा उन्हाळा मात्र कोणी दुष्काळ म्हणून जाहीर करीत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडला. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली त्याचा प्रयोग झाला. १९७२ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, योजना राज्यभर जाहीर झाली आणि त्याच सुमारास अवर्षणाने घाला घातला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. पुढे १९७७ चा रोजगार हमी अधिनियम झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ मनुष्याने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते पंधरा दिवसांच्या आत द्यावे, न दिल्यास दररोज निदान १ रुपया बेकारभत्ता द्यावा, असा त्याचा आशय. कामाच्या दिवसांस मर्यादा नव्हती.

पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी अशांनी तो द्यावा, बागायती जमिनीसारख्या अन्य बाबींवरही काही भार पडावा, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी व्यवस्था होती. शहरवासीयांनी ती फारशी कुरकुर न करता मान्य केली. त्यात भूतदया होती, तसाच स्वार्थही होता. कारण खेड्यात उपाशी राहिलेला मजूर अखेर मुंबईची वाट धरतो, हे १९७२ च्या दुष्काळाने सर्वांस दाखविले होते.

आता या कराने लोकांच्या वागण्यात काय फरक पडला, ते पाहू. आमचे एक शेजारी, बऱ्यापैकी वावर असलेले, मला नेहमी म्हणत, “गुरुजी, तुमच्या करापायी मजूर आळशी झाले.” या आक्षेपाचा मी पुष्कळ विचार केला. उन्हात माती खणावयाची, ती मोजून द्यावयाची व मापाप्रमाणे मजुरी घ्यावयाची, अशा कामाला आळशी मनुष्य जाईलच कशाला? शिवाय ऐन हंगामात शेतीचे मजूर ओढून घेऊ नयेत, असाच योजनेचा रोख होता. मग शेजाऱ्यांची तक्रार खोटी होती काय? खोटी नव्हती, तिचे नाव चुकले होते, इतकेच. पूर्वी उन्हाळ्याच्या धास्तीने मनुष्य उचल घेऊन पाडव्याला सालदार राही. मिळेल ते साल कबूल करी. उन्हाळ्यात सरकारी काम मिळेल असा भरवसा वाटू लागताच तो मालकाशी घासाघीस करू लागला. बायांना शेतात पुरुषांहून कमी रोज मिळे. येथे माप सर्वांना सारखेच. म्हणून त्या मोठ्या संख्येने कामावर आल्या व शेतातही अधिक रोज मागू लागल्या. मजूर आळशी झाला नव्हता; त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय झाली होती. पगारदाराच्या कराने विकत घेतलेली मुख्य वस्तू हीच होय, असे माझे मत आहे.

परंतु या सोयीलाही मर्यादा पडल्या. योजनेची मजुरी शेतीच्या किमान वेतनाशी बांधलेली होती आणि १९८८ साली ती दुप्पट झाली. रोज वाढला म्हणजे कामावर अधिक माणसे दिसावयास पाहिजेत; घडले उलटे. पुढील काळात मजुरांची उपस्थिती घटली. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून दाखविले की, काम मागणारे असूनही सर्वांना ते मिळेनासे झाले होते. टेंपलसाहेबांच्या काळी मजुरी इतकी थोडी की मजूर निघून गेला. आता मजुरी पुरेशी झाली, तर कामेच पुरेशी निघेनात. आश्चर्य असे की, १९९० नंतरच्या अनेक वर्षांत कराचे उत्पन्न योजनेच्या खर्चाहून अधिक होते.

१९९० च्या सुमारास योजनेशी फळबाग लागवड जोडण्यात आली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीत झाडे लावावी व खर्च योजनेतून मिळावा. संत्र्याचा आमचा प्रदेश. पुष्कळांनी लाभ घेतला व माझे ते शेजारीही त्यांत होते. त्यानंतर त्यांची कराविषयीची कुरकुर थांबली! बागेने मालकाला वर्षानुवर्षांचे उत्पन्न दिले. मजुराला खड्डे खणण्याचे दिवस तेवढे मिळाले. कराचा पैसा एकच, परंतु तो कोणत्या कामावर लागला यावरून लाभ कोणाचा हे ठरते.

एक घरगुती गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातील एका मुलाची आई मातीकामावर जात असे. मुलगा नियमित शाळेत येई. एका उन्हाळ्यात तिची मजुरी दोन महिने अडली. वाण्याची उधारी थकली. पाऊस पडताच ती शेजाऱ्यांच्या वावरात गेली; त्यांनी सांगितला तो रोज तिने निमूटपणे पत्करला आणि मुलाला गुरांमागे पाठविले. तो पुन्हा शाळेत आला नाही. त्याच दोन महिन्यांत माझ्या पगारातील कपात मात्र एकदाही चुकली नव्हती. कायद्याने तिला ‘नाही’ म्हणण्याची मुभा दिली होती. परंतु ज्याच्या घरी पीठ नाही त्याला ही मुभा पंधरा दिवससुद्धा टिकविता येत नाही.

२००५ साली देशाच्या संसदेने याच धर्तीवर कायदा केला व प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्राचा अनुभव त्याला मार्गदर्शक ठरला.

मी आता सेवानिवृत्त आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या पगारातून मात्र हा कर आजही कापला जातो. वरच्या वेतनाला दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५०० रुपये. ती ओळ पाहून आपण कपाळाला आठी घालू नये. पण ती विसरूनही जाऊ नये. हा कर प्रथम ज्यांच्यासाठी बसविला, त्यांच्या हाती मागितलेले काम व केलेल्या कामाचे दाम वेळेवर पडते काय, याची चौकशी करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. माझ्या वर्गातील त्या मुलाची आठवण झाली की वाटते, ती चौकशी मी नोकरीत असतानाच करावयास हवी होती.