५३१ क्रमांकाची गाडी

१२ मे १९५७, पहाटे ५.३१. उत्तर इटलीतल्या ब्रेशियातून लाल फेरारी सुटते. ‘मिले मिलिया’ शर्यतीत गाडीचा क्रमांक म्हणजे तिची सुटण्याची वेळ, म्हणून हिच्यावर ५३१. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो, स्पेनचा उमराव, वय २८. शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. फेरारीचा चालक लुइगी मुसो आजारी पडला आणि त्याची जागा पोर्तागोला मिळाली. समोर सुमारे १६०० किलोमीटर, रोमपर्यंत जाऊन परत. रस्ता रोजच्या वाहतुकीचा.

५.३४. पीटर कॉलिन्स सुटतो. त्याच्या बाजूच्या सीटवर लुई क्लेमांतास्की, पेशाने छायाचित्रकार. वाट दाखवायची आणि धावत्या गाडीतून फोटोही काढायचे, अशी दोन्ही कामं त्याच्याकडे.

५.३५. पिएरो तारुफी, वय ५०. जिंकलो तर शर्यती सोडीन, असा शब्द त्याने बायकोला दिलेला आहे.

५.३७. स्टर्लिंग मॉस. काही किलोमीटरांतच त्याच्या मासेरातीचा ब्रेकचा पेडल तुटतो. मॉस जिवानिशी वाचतो आणि ब्रेशियाला परततो. शर्यत चालू राहते.

सकाळ. गावागावांत रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी आहेत, मुलं पुढे. बहुतेक ठिकाणी आडवा दोरसुद्धा नाही. शिरूरकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटताना कडेला मोबाईल उंचावून उभ्या राहिलेल्यांना ही गर्दी ओळखीची वाटेल. याच शर्यतीत १९३८ साली बोलोन्यात एक गाडी प्रेक्षकांत घुसली होती. दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं. सरकारने शर्यत बंद केली. युद्धानंतर ती त्याच रस्त्यांवर पुन्हा सुरू झाली आणि मधल्या काळात गाड्यांचा वेग कितीतरी वाढला. माझ्या मते या दिवसाचा घटनाक्रम तिथूनच मोजायला हवा.

दुपार होण्याआधी, रोम. पोर्तागो थांबतो. अभिनेत्री लिंडा ख्रिश्चन गर्दीतून पुढे येते आणि त्याचं चुंबन घेते. कॅमेऱ्यांची बटणं दाबली जातात. त्या क्षणी हा एका देखण्या जोडप्याचा फोटो आहे, एवढंच.

दुपारी, रात्तिकोझा आणि फुता घाटांचा पट्टा. वळणं, चढ, उतार. इथे टायर आणि ब्रेक झिजतात.

दुपारी दोननंतर, बोलोन्या. कंपनीचा मालक एंझो फेरारी स्वतः हजर आहे. पोर्तागोच्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूचा सस्पेन्शनचा दांडा वाकून टायरला घासतो आहे, हे मेकॅनिकच्या लक्षात येतं. नवा टायर तयार आहे. बदलायचा तर वेळ जाणार. पोर्तागो नको म्हणतो. त्याला कुणी थांबवत नाही. गाडी निघते.

त्यानंतर थोड्या वेळाने, पार्माजवळ. आघाडीवर असलेल्या कॉलिन्सच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल तुटतो. क्लेमांतास्कीचा प्रवास तिथेच संपतो.

तीननंतर, क्रेमोना. इथून मांतोव्हामार्गे ब्रेशियापर्यंतच्या १३२ किलोमीटरांत सर्वांत वेगवान ठरणाऱ्याला दिवंगत शर्यतपटू ताझिओ नुव्होलारीच्या नावाचं बक्षीस आहे. थकलेला चालक, झिजलेला टायर आणि सरळ, सपाट रस्ता. वेग वाढवायला आणखी एक कारण.

४.०२.४७. तारुफी ब्रेशियात पोहोचतो. १० तास २७ मिनिटं ४७ सेकंद. तो जिंकला आहे. तीन मिनिटं आधी सुटलेला वोल्फगांग फॉन ट्रिप्स त्याच्या जोडीनेच पोहोचतो आणि दुसरा ठरतो. पोर्तागोची वाट पाहिली जाते.

त्याच सुमारास, ग्विदित्सोलो गावाजवळ. ब्रेशिया जेमतेम चाळीसएक किलोमीटर. गाडी ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगात असताना पुढचा डावा टायर फुटतो. गाडी कडेच्या दगडावर आणि खांबावर आदळते, उडते, प्रेक्षकांत शिरते, रस्ता ओलांडून पलीकडच्या चरात पडते. पोर्तागो आणि नेल्सन जागीच ठार. नऊ प्रेक्षक ठार, त्यांत पाच मुलं.

रोममधला फोटो जगभर छापला गेला. ‘मृत्यूचं चुंबन’ हे नाव त्याला नंतर चिकटलं. बोलोन्यातल्या त्या टायरचा असा फोटो कुणाच्या स्मरणात नाही.

तारुफीने शब्द पाळला. सार्वजनिक रस्त्यावरची वेगाची ‘मिले मिलिया’ पुन्हा झाली नाही. टायरच्या निवडीवरून एंझो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. चार वर्षांनी, १९६१ मध्ये, तो निर्दोष सुटला.