सूर्याच्या विजेचा हिशेब



सूर्याचें ऊन फुकट असलें, तरी त्यापासून होणारी वीज भारतांत आरंभीं फार महाग होती. जानेवारी २०१० मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय सौर अभियान सुरू केलें आणि २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट उभारण्याचा संकल्प सोडला. त्या वर्षासाठीं केंद्रीय वीज नियामक आयोगानें सौर विजेचा ठरविलेला दर होता युनिटामागें १७ रुपये ९१ पैसे! कोळशाची वीज सुमारें अडीच रुपयांना मिळत असतां हा माल घेणार कोण?

तोड निघाली ती मोठी व्यवहारी होती. एन्‌टीपीसीच्या औष्णिक केंद्रांतील कांहीं वीज कोणत्याहि राज्याला कायमची नेमून न देतां केंद्राच्या हातीं राखलेली असे. जितके मेगावॉट सौर, तितकेच या राखीव साठ्यांतून घेऊन दोन्ही एकत्र विकावयाचे असें ठरलें. मेगावॉट सारखे असले, तरी युनिटें सारखीं नव्हतीं. सौर केंद्र वर्षाच्या सरासरीनें आपल्या शक्तीच्या पांचव्या हिश्श्याइतकेंच काम करतें. औष्णिक केंद्र अहोरात्र चालतें. म्हणून एका महाग युनिटामागें सुमारें चार स्वस्त युनिटें आलीं, आणि आयोगाचा चढा दर धरूनहि मिश्रणाचा भाव साडेपांच रुपयांच्या आसपास आला. याला भेसळ म्हणूं नये. गवळी पाण्याचें माप सांगत नाहीं, येथें तें उघड होतें.

पुढें मात्र भाव असा कोसळला कीं मिश्रणाची गरजच उरली नाहीं. डिसेंबर २०१० च्या लिलावांत सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैशांची होती. मे २०१७ मध्यें राजस्थानांतील भाडला येथें ती २ रुपये ४४ पैशांवर आली. चीनमधील प्रचंड उत्पादनानें पट्ट्या स्वस्त झाल्या, आणि सौर उद्यानांत जमीन व वाहिन्या तयार मिळूं लागल्या.

तेव्हां पुष्कळांना वाटलें, प्रश्न मिटला. पण दिवे लागतात ते सूर्य मावळल्यावर. जानेवारी २०२० मध्यें भारतीय सौर ऊर्जा महामंडळानें सौर आणि वाऱ्याची वीज साठवून ऐन मागणीच्या वेळीं देण्यासाठीं लिलाव केला. इतर वेळेचा दर २ रुपये ८८ पैसे आधींच ठरलेला होता. ऐन वेळेची सर्वांत कमी बोली आली ६ रुपये १२ पैशांची. साठवणुकीचें मोल त्या फरकांत दिसलें.

साठवणूक न करतां दुपारची वीज खपविणारें एक गिऱ्हाईक महाराष्ट्रांत होतें: शेतीचा पंप. दुपारीं उपसलेलें पाणी संध्याकाळींहि मातींत असतेंच. पण इतर मागणी ओसरल्यावर पंपांना रात्रीं वीज देण्याची पद्धत पडली होती, आणि शेतकरी काळोखांत, सापकिरड्यांतून, पाटाचें पाणी वळवावयास जाई. "दिवसां वीज द्या" ही त्याची मागणी फार जुनी. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली २०१७ सालीं, सौर विजेचा भाव तीन रुपयांच्या घरांत आल्यावर.