लिटल व्हिलेज लॉनडेल हायस्कूल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या नैर्ऋत्य भागात असलेले सार्वजनिक माध्यमिक विद्यालय-संकुल. २००५ साली सुरू झालेल्या या संकुलात एकाच इमारतीत चार स्वतंत्र लहान शाळा भरतात. वस्तीतील रहिवाशांनी उपोषण करून शाळा मंजूर करून घेतली आणि पुढे तिच्या अभ्यासविषयांपासून इमारतीपर्यंतच्या नियोजनात भाग घेतला. त्यामुळे सार्वजनिक शाळेच्या नियोजनातील लोकसहभागाचे उदाहरण म्हणून अमेरिकी शिक्षणविषयक लेखनात या संकुलाची नेहमी चर्चा होते.

परिसर : शिकागोच्या अधिकृत विभागणीत ‘साउथ लॉनडेल’ नावाने नोंदलेला भाग ‘लिटल व्हिलेज’ म्हणून ओळखला जातो. स्पॅनिश बोलणारे रहिवासी त्याला ‘ला वियिता’ म्हणतात. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची ही शहरातील एक मोठी वस्ती असून सव्विसावा रस्ता ही तिची मुख्य बाजारपेठ आहे. उत्तरेला लागून असलेल्या नॉर्थ लॉनडेलमध्ये प्रामुख्याने आफ्रिकन-अमेरिकन लोकांची वस्ती आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत शिकागोतील घरांचा प्रश्न हाती घेताना मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये येथेच राहायला आले होते. दोन्ही वस्त्या कष्टकऱ्यांच्या आहेत. लिटल व्हिलेजमध्ये मुलांची संख्या मोठी असूनही १९९०च्या दशकात तेथे फॅरागट हे एकच सर्वसाधारण माध्यमिक विद्यालय होते आणि त्याचे वर्ग खच्चून भरलेले असत. अनेक मुलांना दूरच्या शाळा गाठाव्या लागत. काहींचे शिक्षण मध्येच सुटे.

कायद्याची चौकट : शाळेच्या कारभारात पालकांना अधिकार देण्याच्या बाबतीत शिकागो अमेरिकेत अग्रेसर मानले जाते. १९८८च्या राज्य कायद्याने प्रत्येक शाळेसाठी निवडून आलेली स्थानिक शाळा परिषद स्थापन झाली. या परिषदेत सर्वाधिक जागा पालकांच्या असतात. वस्तीचे व शिक्षकांचे प्रतिनिधीही तिच्यात असतात. मुख्याध्यापकाची नेमणूक करणे व शाळेच्या अंदाजपत्रकाला मान्यता देणे ही तिची कामे होत. १९९५च्या कायद्याने मात्र शहराच्या शिक्षण मंडळावरील नेमणुका महापौरांच्या हाती गेल्या. नवी शाळा कोठे, केव्हा आणि कोणत्या प्रकारची बांधायची, हे ठरवण्याचा अधिकार मध्यवर्ती मंडळाकडे राहिला. स्थानिक परिषद चालू असलेल्या शाळेची असते. जी शाळा अजून उभीच राहिलेली नाही, तिच्याबद्दल बोलण्यासाठी रहिवाशांकडे वैधानिक व्यासपीठ नव्हते. पुढील संघर्षाचे मूळ बऱ्याच अंशी या त्रुटीत आहे.

आश्वासन व उपोषण : १९९८च्या सुमारास, पॉल व्हॅलस हे शिकागो सार्वजनिक शाळांचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना, शहरात नव्या माध्यमिक शाळा बांधण्याची योजना जाहीर झाली. लिटल व्हिलेजच्या शाळेसाठी सुमारे ३ कोटी डॉलर राखून ठेवल्याचे रहिवाशांना सांगण्यात आले आणि एकतिसावा रस्ता व कॉस्टनर मार्ग यांच्या चौकाजवळची जागाही ठरली. याच काळात शहराच्या उत्तर भागात नॉर्थसाइड कॉलेज प्रेप (१९९९) आणि वॉल्टर पेटन कॉलेज प्रेप (२०००) या, गुणवत्तेवर निवडक विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या. लिटल व्हिलेजची जागा मात्र मोकळीच पडून होती. निवेदने, सभा आणि मोर्चे यांनी काही हलत नाही असे पाहून १३ मे २००१ रोजी, म्हणजे अमेरिकेतील मातृदिनी, १४ जणांनी त्या जागेवर तंबू ठोकून उपोषण सुरू केले. त्यांत माता, आज्या, तरुण व वस्तीतील कार्यकर्ते होते. तंबूंच्या तळाला शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांचे नाव देण्यात आले. चावेझ यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात २५ दिवसांचे उपोषण केले होते आणि त्यामागे म. गांधींची प्रेरणा होती.

उपोषण १९ दिवस चालले. संध्याकाळी तळावर सभा व कार्यक्रम होत, शिक्षक आणि विद्यार्थी भेटी देत. व्हॅलस यांनी मागणी मान्य केली नाही. परंतु जूनमध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आलेल्या आर्नी डंकन यांनी त्याच वर्षी शाळा बांधण्याचे मान्य केले. डंकन पुढे बराक ओबामा यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले.

नियोजनातील सहभाग : मंजुरीनंतर रहिवाशांनी केवळ इमारतीची वाट पाहत बसायचे नाही असे ठरवले. वस्तीतील विकास संस्थेच्या पुढाकाराने पालक, विद्यार्थी, शिक्षक व उपोषणकर्ते यांची सल्लागार समिती तयार झाली. रहिवाशांची पाहणी आणि खुल्या सभा यांतून शाळेकडून लोकांच्या काय अपेक्षा आहेत, याची नोंद झाली. मोठ्या, गर्दीच्या शाळेत मूल हरवून जाते, हा फॅरागटचा अनुभव ताजा होता. शिवाय लहान शाळांच्या चळवळीला त्या काळी अमेरिकेत जोर होता व शिकागोत तिला मोठ्या देणगीसंस्थांचे अर्थसाहाय्यही मिळत होते. त्यामुळे एका मोठ्या शाळेऐवजी चार लहान शाळांची कल्पना पुढे आली. गणित, विज्ञान व तंत्रज्ञान, बहुसांस्कृतिक कला, जागतिक भाषा, आणि सामाजिक न्याय असे चार विषय निश्चित झाले.

प्रत्येक शाळेचा आराखडा वेगळ्या गटाने तयार केला. सामाजिक न्याय शाळेच्या गटात इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेतील अध्यापक डेव्हिड स्टोव्हॉल हे होते. याच विद्यापीठातील गणितशिक्षणाचे अभ्यासक एरिक गुटस्टाइन यांनी तेथील गणित शिक्षकांबरोबर काम केले. घरभाडे, गहाणकर्ज, निवडणुका अशा वस्तीच्या प्रश्नांतील आकडेवारी गणिताच्या तासाला आणण्याचा हा प्रयोग होता.

इमारत : चारही शाळांना आपापला भाग असून ग्रंथालय, व्यायामशाळा, सभागृह या सोयी सामाईक आहेत. लहान शाळेतील ओळख आणि मोठ्या शाळेला परवडणाऱ्या सुविधा यांचा मेळ या रचनेत घातला आहे. एकूण क्षमता सुमारे १,४०० विद्यार्थ्यांची ठरवण्यात आली. खर्च मूळच्या आश्वासनाच्या दुपटीहून अधिक झाला. २००५च्या शरद ऋतूत फक्त नववीचे वर्ग सुरू झाले, दरवर्षी एकेक इयत्ता वाढत गेली आणि २००९ मध्ये पहिली तुकडी माध्यमिक शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

प्रवेशक्षेत्राचा वाद : शिकागोच्या सार्वजनिक शाळांवर १९८० पासून वांशिक विभाजन दूर करण्यासंबंधीचा संघराज्य न्यायालयाचा हुकूमनामा लागू होता, तो २००९ मध्ये संपुष्टात आला. त्यानुसार नव्या शाळेत केवळ एका वंशगटाची मुले असणे मान्य नव्हते. म्हणून नॉर्थ लॉनडेलचा काही भाग प्रवेशक्षेत्रात घेण्यात आला व सुमारे ३० टक्के विद्यार्थी आफ्रिकन-अमेरिकन असावेत असे ठरले. संकुलाच्या नावातील ‘लॉनडेल’ या जोडवस्तीचे निदर्शक आहे. या निर्णयावर लिटल व्हिलेजमधील काहींनी हरकत घेतली. उपोषण आमच्या लोकांनी केले, आमचीच मुले अजून बाहेर आहेत, मग जागा इतरांना का, असा त्यांचा प्रश्न होता. नॉर्थ लॉनडेलच्या पालकांना टोळ्यांच्या हद्दी ओलांडून मुले पाठवण्याची धास्ती होती आणि नियोजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यात आपला आवाज कमी होता, अशी खंतही होती. दोन्ही वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी एकत्र बैठका घेऊन हा ताण कमी करण्याचा प्रयत्न केला. तरी तो पूर्णपणे मिटला नाही. लोकसहभागात ‘लोक’ कोण, हे बऱ्याचदा हद्द आखणारी यंत्रणाच ठरवते, हे या वादातून दिसून आले.

नंतरचा काळ : शाळा सुरू झाल्यावर रोजचा कारभार मध्यवर्ती प्रशासनाच्या नियमांनी चालू लागला आणि आराखडा करणाऱ्यांचा प्रभाव ओसरत गेला. मुख्याध्यापक व शिक्षक बदलले की मूळ संकल्पनेला कितपत धक्का बसतो, हा प्रश्न वारंवार उभा राहिला. ऑगस्ट २०१२ मध्ये सामाजिक न्याय शाळेचे नेतृत्व बदलण्यात आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी शाळेतच ठिय्या आंदोलन केले. स्टोव्हॉल यांनी शाळेच्या जडणघडणीचा आणि या ओढाताणीचा वृत्तान्त ‘बॉर्न आउट ऑफ स्ट्रगल’ (२०१६) या ग्रंथात मांडला आहे.

मूल्यमापन : लिटल व्हिलेजच्या लढ्याचा मार्ग शिकागोत पुन्हा अनुसरला गेला. ब्रॉन्झव्हिल भागातील वॉल्टर डायेट हायस्कूल बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध ऑगस्ट २०१५ मध्ये १२ जणांनी उपोषण सुरू केले व ते ३४ दिवस चालले. २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली. परंतु रहिवाशांनी अनेक वर्षे खपून तयार केलेला जागतिक नेतृत्व व हरित तंत्रज्ञान या विषयांवरील आराखडा बाजूला ठेवून प्रशासनाने तिला कलाशाळेचे रूप दिले. दोन्ही ठिकाणी उपोषणाने शाळा मिळवून दिली. लिटल व्हिलेजमध्ये मंजुरी आणि उद्घाटन यांच्या दरम्यान सुमारे चार वर्षे होती. त्या काळात वस्तीची समिती काम करत राहिली व प्रशासनाने तिच्याशी चर्चा चालू ठेवली, म्हणून शाळेचे स्वरूपही मोठ्या प्रमाणात लोकांच्या मनासारखे झाले. डायेटच्या बाबतीत निर्णय उपोषण चालू असतानाच वरून जाहीर झाला. शाळा मंजूर करून घेणे आणि शाळा आखणे ही दोन वेगळी कामे असून दुसऱ्यासाठी वेळ, पाहणी व मान्यताप्राप्त समिती लागते, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते.