रोगाचें सोंग आणि एका नांवाचा इतिहास

सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्यांत म्हण आहे. रोगाचें सोंग त्या मानानें सोपें. परंतु त्या सोंगासच रोग म्हणावें, हा विचार वैद्यकांत फार उशिरां आला. चाकरी चुकविण्याकरितां आजारी पडणाऱ्या शिपायांचे डाव ओळखण्याचें शास्त्र जुनें आहे. हेक्टर गॅव्हिन यानें १८४३ सालीं त्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. मात्र तेथें सोंगामागील हेतु उघड असे.

असा हेतु ज्यांच्या ठायीं सांपडत नाहीं, अशा रोग्यांकडे रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरानें १९५१ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांतून लक्ष वेधलें. हे लोक एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत हिंडत, दर ठिकाणीं नवी हकीकत सांगत, आणि पोटावर जुन्या शस्त्रक्रियांचे व्रण मिरवीत पुन्हा सुरीखालीं जाण्यास तयार असत. ॲशरनें या व्याधीस मुंचाउसेन याचें नांव दिलें. बॅरन मुंचाउसेन (१७२०–१७९७) हा जर्मन सरदार रशियाच्या बाजूनें तुर्कांशीं लढला होता, व घरीं परतल्यावर पाहुण्यांस अतिरंजित गोष्टी सांगे. रुडॉल्फ राश्पे यानें १७८५ सालीं त्याच्या नांवावर इंग्रजींत थापांचें पुस्तक छापलें, आणि हा गृहस्थ जिवंतपणींच लबाडांचा राजा ठरला. भटकंती आणि खोट्या कहाण्या, एवढ्याच साम्यावर पुढें रोगही त्याच्या माथीं बसला.

१९७७ सालीं रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञानें त्याच नांवाची कक्षा वाढविली. कांहीं माता आपल्या मुलांच्या ठायीं रोग निर्माण करतात, असें त्यानें दाखविलें; त्यानें वर्णिलेलें एक मूल मिठाच्या अतिरेकानें दगावलें होतें. या शोधानें मुलांच्या रक्षणाचा एक मार्ग दाखविला, यांत शंका नाहीं. परंतु संशयास शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली, म्हणजे तो आंवरणें कठीण होतें. १९९९ सालीं इंग्लंडांत दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल आईवर खटला चालला. त्यांत या व्याधीचा आरोप नव्हता. पण साक्षीस मेडोच होता. अशा घरीं दोन मुलें अकस्मात् नैसर्गिक रीतीनें मरण्याचा संभव सात कोटी तीस लक्षांत एक, असें त्यानें सांगितलें. एका मृत्यूचा संभव स्वतःशींच गुणून हा आंकडा काढला होता. एकाच घरांतील दोन मृत्यूंना समान कारण असूं शकतें, हें त्यांत धरलेंच नव्हतें. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनें २००१ सालीं त्यास हरकत घेतली. पुढें एका मुलाच्या तपासणीचे दडलेले निष्कर्षही उघडकीस आले, आणि २००३ सालीं ती माता सुटली. तोंवर तीन वर्षांहून अधिक काळ तिनें तुरुंगांत काढला होता.

अमेरिकेंतील मनोविकारांच्या वर्गीकरणांत १९८० सालीं ‘कृत्रिम विकार’ हा वर्ग आला. लोकांच्या तोंडीं मात्र सरदाराचेंच नांव राहिलें. उपहासाचें नांव मिळालें कीं वैद्याची जिज्ञासा थांबते, हा त्यांतील खरा धोका आहे. सोंग घेणाऱ्याच्या पोटांतही एखादे दिवशीं खरेंच दुखूं लागतें, आणि आजारी मुलाची आई बहुधा खरेंच सांगत असते. लबाडी ओळखण्याचें शास्त्र वैद्यास हवेंच. पण आधीं रोग्याची नाडी पाहावी, आणि मग त्या शास्त्राची पोथी उघडावी.